प्रमाण नाक

धाकट्याचं नाक गेलं ते एका तापात. गेलं म्हणजे चेहऱ्यावरून गेलं नाही. तिथं ते पूर्वीसारखंच होतं, जरासं डावीकडे कललेलं, चष्मा पेलणारं. फक्त त्याला वास यायचा बंद झाला. ताप आला, राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. एखादा पाहुणा आपलीच समजून घरातली छत्री घेऊन जातो तसा. पाहुणा निदान नंतर फोन तरी करतो.

एखाद्या कारकुनाचं किंवा शिंप्याचं नाक असं गेलं असतं, तर लोकांनी चुकचुक करून विषय बदलला असता. धाकट्याची पंचाईत अशी, की तो वास घेण्याचाच पगार घेत होता.

शहराचं सांडपाणी जिथं साफ होतं त्या केंद्रात तो वास-परीक्षक होता. असं पद असतं. केंद्राच्या कुंपणापलीकडे वस्ती होती, वस्तीला नाकं होती आणि ती नाकं तक्रारी करायची. म्हणून केंद्राने स्वतःची चार नाकं नोकरीला ठेवली होती. सकाळी आणि दुपारी कुंपणाजवळची हवा मोठाल्या पिशव्यांत भरून यायची. चौघांनी आपापल्या काचेच्या खोक्यात बसायचं, पिशवीच्या नळीला नाक लावायचं आणि शून्य ते सहा यांतला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही. सहा म्हणजे उठा आणि पळा. आकडा चारवर गेला की टाक्यांवर झाकणं चढायची, चुना ओतला जायचा, वस्ती श्वास घ्यायची आणि केंद्रप्रमुख मॅडमना वरती खर्चाचा खुलासा लिहून पाठवावा लागायचा.

चौघांत वयाने लहान म्हणून तो धाकटा. बाकीचे तिघं म्हणजे मास्तर, पैलवान आणि मावशी. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली तेव्हा इकडे आले आणि दोन्हीकडचा वास साधारण सारखाच आहे असं म्हणाले. पैलवानाने जन्मात कुस्ती खेळली नव्हती, पण दारातून आत यायला त्याला आडवं व्हावं लागे. मावशी सगळ्यांच्याच मावशी होत्या, मॅडमच्याही. त्यांचं नाक असं, की कोण कुणाच्या छत्रीखालून ऑफिसात आलं हे त्या न बघता सांगायच्या. ऑफिसातली दोन लग्नं त्यांनी नवरानवरीच्याही आधी ओळखली होती.

नाक गेल्यापासून धाकटा या मावशींच्या भुवयांवर जगत होता. त्यांचं खोकं त्याच्या बरोब्बर समोर. नळीला नाक लावलं की मावशींची एक भुवई उचलली तर दोन, दोन्ही उचलल्या तर तीन-चार, भुवयांबरोबर हनुवटी मागे गेली तर पाच. हे बघून धाकटा त्याहून एक कमी लिहायचा. जास्त लिहिलं की धावपळ होते, धावपळ झाली की कुणीतरी विचारतं. मावशींना सर्दी असली की त्या आकड्याच्या जागी सरळ ‘नाक बंद’ लिहून शब्दकोडं सोडवत बसायच्या. त्या दिवशी भुवया सुट्टीवर. मग धाकटा तीन लिहायचा. तीन हा सभ्य आकडा आहे. तिनाला कुणी बोलावून घेत नाही.

स्वतः तो ‘नाक बंद’ कधीच लिहीत नसे. ओळीने काही दिवस लिहिलं की डॉक्टरकडे पाठवायचे, आणि डॉक्टर नाकात बॅटरी मारून बघणारा निघाला तर संपलंच. नोकरी गेली की केंद्राची खोली जाणार, आणि खोलीत आता तिघं राहत होते.

तिसरी म्हणजे त्याची मुलगी. ती तापानंतर जन्मली. बघायला आलेला प्रत्येक नातेवाईक तिच्या टाळूला नाक लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “आहाहा, हा वास! लहान बाळाच्या टाळूला काय वास असतो नाही?” धाकटाही टाळूला नाक लावायचा, डोळे मिटायचा आणि “आहाहा” म्हणायचा. एकदा तर चुकून बाळाच्या टोपड्याऐवजी उशीला नाक लावून म्हणाला. बायकोने बघितलं, पण पाहुण्यांसमोर काही बोलली नाही. नंतर एका दुपारी बाळाचा लंगोट भरलेला असताना तो तिला तसंच मांडीवर घेऊन पेपर वाचत बसला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

“एक विचारू?” बायको दारात उभी राहून म्हणाली. “तू थोर बाप आहेस की तुझं नाक गेलंय?”

धाकट्याने पेपर खाली ठेवला. थोर असल्याचं सांगून पाहिलं. ती हसली नाही.

तर असं सगळं भुवयांवर बेतलेलं चाललं होतं, तोवर मॅडमनी चौघांना बोलावून सांगितलं की यंत्र येतंय. नाकाचं यंत्र. त्याला सर्दी होत नाही, ते रजा मागत नाही आणि शब्दकोडी सोडवत नाही. (इथं मावशींनी छताकडे पाहिलं.) चौघांतले दोघंच राहतील. एकाला टेबल: जुने सगळे आकडे आकडेशास्त्राच्या त्या नव्या संगणकी भाषेत चढवायचे आणि यंत्राला शिकवायला द्यायचे. दुसऱ्याचं नुसतं नाक: यंत्र कुठे बहकलं तर सांगायला. टेबल कुणाचं ते शुक्रवारी ठरेल, जो फाइल चढवून दाखवेल त्याचं. नाक कुणाचं ते सोमवारी, डॉक्टरच्या बाटल्यांवर.

बाहेर आल्यावर मावशींनी धाकट्याला कोपऱ्यात ओढलं.

“धाकट्या, बाटल्यांचं मी बघते. डोळे बांधून दिल्या तरी ओळखीन. तू टेबल पकड. म्हणजे आपण दोघं राहतो.”

“मला कुठं येते ती भाषा, मावशी?”

“मला तरी येते का? मास्तरांना माऊस धरता येत नाही, आणि पैलवानाचं एक बोट तीन बटणांवर पडतं. उरला कोण?”

असं त्याचं शिक्षण सुरू झालं. गमबूट आणि चुन्याची पोती ठेवायच्या खोलीत एक जुना संगणक होता, त्याच्यासमोर तो जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बसायचा. शिकवायला व्हिडिओतला एक हसरा तरुण होता. धाकट्याने त्याचं नाव फुलवाला ठेवलं, कारण त्याच्या प्रत्येक धड्यात फुलांच्या पाकळ्यांची मापं असायची. ती मापं भाषेच्या पोटात आधीपासूनच होती. नुसतं नाव घेतलं की ती ओळीत येऊन उभी राहायची, न्हाऊन-माखून, भांग पाडून. “बघा, किती सोपं!” फुलवाला म्हणायचा. त्या माणसाला आयुष्यात कधी कुणी घाण डेटा दिलाच नव्हता.

धाकट्याने पहिल्यांदा आपली फाइल आत घ्यायला सांगितलं तेव्हा एक लाल ओळ आली. अशी फाइल अस्तित्वात नाही. फाइल समोर पडद्यावर होती. त्याने ती उघडली, मिटली, पुन्हा मागितली. अस्तित्वात नाही. त्याने नाव बदललं, जागा बदलली, खुर्ची बदलली. शेवटी कळलं की भाषा भलत्याच फोल्डरमध्ये उभी राहून शोधत होती. काखेत कळसा, गावाला वळसा. फरक इतकाच की कळसा ज्याच्या काखेत होता त्यालाच गाव लाल अक्षरांत शिव्या देत होतं.

फाइल सापडली तेव्हा ती सगळी एकाच रकान्यात कोंबलेली निघाली, गाडी चुकलेल्या वऱ्हाडासारखी. मास्तरांनी दोन आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम नाही, अर्धविराम टाकला होता. (“स्वल्पविरामाने वाक्य तुटत नाही,” मास्तर म्हणाले.) तेही निस्तरलं, तर मराठी अक्षरांचे चौकोन झाले. मावशी एक चौकोन, पैलवान दोन चौकोन. चौकोनांची माणसं केली, तेव्हा एकदाची फाइल आत आली. धाकट्याने हात जोडले आणि सरासरी मागितली.

भाषा म्हणाली, नाही.

ती रागावली नव्हती. तिने शांतपणे एवढंच कळवलं की हे आकडे नाहीत, हा मजकूर आहे, आणि मजकुराची सरासरी निघत नाही. धाकट्याने फाइल वरपासून खालपर्यंत वाचून काढली तेव्हा त्याला भाषेची दया आली. इतकी वर्षं मास्तर सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन फाइल भरत होते. आकडे त्यांनी मराठी अंकांत लिहिले होते. त्यांचा ४ भाषेला आकडा वाटतच नव्हता, नक्षी वाटत होती. शिवाय नुसता ४ क्वचितच. ‘४, पण सौम्य.’ ‘२, परवापेक्षा बरा.’ ‘३, सुधारणेस वाव.’

“मास्तर, नुसता आकडा का नाही लिहिलात?”

“अरे, सगळे चार सारखे असतात का? थंडीतला चार वेगळा, उन्हातला चार वेगळा. नुसता चार लिहिणं म्हणजे मुलाला नुसते मार्क देऊन घरी पाठवणं.”

“भाषेला कळत नाही ते.”

“मग भाषा कच्ची आहे. तिला खालच्या वर्गात बसव.”

पैलवानाच्या रकान्यात तर ठिकठिकाणी ‘बाप रे’ होतं.

“पैलवान, बाप रे म्हणजे किती?”

“किती म्हणजे? बाप रे!”

“आकड्यात सांग.”

पैलवानाने कपाळाला आठ्या घातल्या. “पाचाच्या पुढे. पण सहा नाही. सहाला मी लिहीत बसत नाही, पळतो.”

“म्हणजे साडेपाच?”

“साडेपाचाला काय बाप रे म्हणतात?” पैलवान दुखावला आणि निघून गेला.

मावशींच्या रकान्यात आकडे स्वच्छ होते, अधूनमधून ‘नाक बंद’. आणि धाकट्याच्या रकान्यात काहीच बघावं लागलं नाही. एक शेरा नाही, एक सर्दी नाही, एक रिकामी जागा नाही, तापातल्या दिवसांचीही नाही. दोन, तीन, तीन, दोन, तीन. तो रकाना फुलवाल्याच्या पाकळ्यांसारखा दिसत होता. धाकट्याने तो पटकन वर सरकवून नजरेआड केला.

गुरुवारी संध्याकाळी बायको बाळाला घेऊन त्या खोलीत आली. घरी लाइट नव्हती. ती चुन्याच्या पोत्यावर रुमाल टाकून बसली.

“झालं का?”

“मास्तरांचे अंक बदलले. शेरे खरवडून काढले. आता हे ‘नाक बंद’ आणि ‘बाप रे’ राहिलेत. फुलवाला म्हणतो, असले शब्द भाषेला आधी सांगून ठेवायचे. मग ती तिथं रिकामी जागा धरते, आणि रिकामी जागा असलेली ओळ गाळून टाकते.”

“पूर्ण ओळ?”

“पूर्ण ओळ. तो दिवसच.”

“म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात घाण वास आला तो दिवस झालाच नाही?”

“अगं, मला उद्या सकाळी दाखवायचंय.”

बाळाने त्याच्या चष्म्याला हात घातला. त्याने चष्मा सोडवून घेतला आणि ती ओळ लिहिली. भाषेने क्षणभर विचार केला. लाल काही आलं नाही. खाली मुकाट्याने सरासरी उमटली. धाकटा पडद्याकडे बघतच राहिला. मग त्याने बाळाच्या टाळूला नाक लावलं.

“येतोय?” बायकोने विचारलं.

“नाही. कसा असतो गं?”

तिने वाकून वास घेतला. “दुधाचा. आणि थोडा उन्हात वाळलेल्या कपड्याचा.”

“टेबल मिळालं ना, की डॉक्टरला दाखवतो. तेव्हा लपवायचं काही राहणार नाही.”

“परत येतं का पण?”

“काहींचं येतं म्हणे.”

शुक्रवारी मॅडमच्या खोलीत मॅडम होत्या, यंत्राच्या कंपनीचा एक इस्त्री केलेला माणूस होता आणि धाकटा होता. इस्त्रीवाल्याच्या शेजारी टेबलावर ते यंत्र होतं: राखाडी डबा, पुढे दोन भोकं. कुणीतरी मुद्दामच दोन ठेवली असावीत.

धाकट्याने काल साफ केलेली फाइल मागितली. आली. सरासरी मागितली. आली. आलेख मागितला. आला, आणि सुंदर आला, एकही उंच टोक नसलेला, माळरानासारखा. मॅडमच्या चेहऱ्यावर खर्चाचा खुलासा न लिहावा लागणाऱ्या माणसाचं समाधान पसरलं.

“छान,” इस्त्रीवाला म्हणाला. “पण यंत्राला शिकवायला मला चौघं नकोत. चौघं ठेवले तर गाळलेल्या ओळीच फार होतात. एक नाक द्या. सलग, एकही भोक नसलेलं.” ओळी गाळताना कुणाच्या रकान्यात किती भोकं निघाली त्याची मोजणी भाषेने खाली दिली होती; त्याने तिच्यावरून बोट सरकवलं. “यात भोकं. यात भोकं. हे ‘मावशी’ चांगलं आहे, पण भोकं. हं. हे बघा. हा ‘धाकटा’ कोण?”

“मीच,” धाकटा म्हणाला.

“एवढ्या दिवसांत एकदाही सर्दी नाही?”

“...नाही.”

“मॅडम, हे तुमचं प्रमाण नाक. यंत्र यांच्यावर लावतो. पुढेही पडताळणीला हेच लागतील, दुसरं नाक चालणार नाही.”

“मग सोमवारच्या बाटल्या?” मॅडमनी विचारलं.

“कशाला? बाटल्या आता यांच्यावरून तपासायच्या. आणि टेबलाचीही गरज नाही, इथून पुढे यंत्र आपलं आपण लिहील.”

“म्हणजे एकच माणूस पुरतो,” मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी खोडलं.

खोडलं ते मावशींचं नाव आहे हे धाकट्याला उलट्या बाजूनेही वाचता आलं. त्याची नोकरी पक्की झाली होती, खोली वाचली होती, डॉक्टर टळला होता. नाकासमोर चालणाऱ्या माणसाने अशा वेळी आभार मानून बाहेर पडावं. धाकटा खुर्चीवरून उठला नाही.

“मॅडम,” तो म्हणाला, “मला वास येत नाही.”

“आत्ता? इथं कशाचा यायचाय?”

“कधीच येत नाही. तापापासून. त्यानंतरचे आकडे खोटे आहेत.”

इस्त्रीवाल्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं.

“हे तपासता येतं,” इस्त्रीवाला खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “तापापासूनचे दिवस घ्या. ‘धाकटा’ आणि ‘मावशी’ किती जुळतात ते विचारा तिला.”

धाकट्याने विचारलं. भाषेने उत्तर दिलं. जवळजवळ एक.

“जवळजवळ एक!” इस्त्रीवाला म्हणाला. “एक म्हणजे तंतोतंत. ज्याला वास येत नाही त्याचं असं जुळतं? मी नवरा-बायकोचं इतकं जुळलेलं बघितलं नाही.”

“मी त्यांच्या भुवया बघून लिहायचो.”

मग मॅडम हसल्या, आणि त्या सहसा हसत नसत. “मावशींसाठी चाललंय ना हे सगळं? मन मोठं आहे तुमचं. पण डेटा काय म्हणतोय ते बघा.”

“मावशींचं नाक बंद होतं त्या दिवसांचं बघा!” धाकटा घाईघाईने म्हणाला. “त्या दिवसांचे माझे सगळे तीन आहेत. एकूण एक तीन! कुठल्या नाकाला ओळीने तीन येतात?”

“दाखवा.”

धाकट्याने ते दिवस शोधले. ते नव्हते. गुरुवारी संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने भाषेला सांगितलं होतं, जिथं भोक दिसेल ती ओळ गाळ. आणि भाषेने आज्ञाधारकपणे गाळली होती. नाक बंदचा एकूण एक दिवस गेला होता, त्याचे सगळे तीन सोबत घेऊन. उरले होते ते फक्त भुवयांचे दिवस.

“थांबा, मूळ फाइल आहे,” तो म्हणाला. त्याने मूळ फाइल मागितली.

अशी फाइल अस्तित्वात नाही.

त्याने पुन्हा मागितली. हा मॅडमचा संगणक होता, भाषा कुठल्या फोल्डरमध्ये उभी होती कुणास ठाऊक. अस्तित्वात नाही. अस्तित्वात नाही. मूळ फाइल पलीकडच्या खोलीत गमबुटांशेजारी होती. तो आणायला उठला तेव्हा मॅडमही उठल्या, कारण त्यांची पुढची बैठक होती.

“जे अस्तित्वात नाही त्यावर किती वेळ घालवायचा?” त्या म्हणाल्या. “अभिनंदन.”

मावशी आपल्या खोक्यातली उशी, शब्दकोड्यांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच आली होती. अशा बातमीचाही त्यांना वास लागत असावा. पैलवान आणि मास्तर केव्हाच निघून गेले होते. मास्तर जाताना काचेवर बोटाने ‘सुधारणेस वाव’ लिहून गेले होते.

“मावशी, मी त्यांना सांगितलं. सगळं खरं सांगितलं.”

“मग?”

“डेटाने नाही म्हटलं.”

मावशींनी उशी पिशवीत दाबली. ती मावेना. “भुवया दुखायच्या रे माझ्या,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे काय? माणूस इतक्या भुवया उचलतो का कधी? सकाळ-दुपार, पार केसांपर्यंत. तुला नीट दिसाव्या म्हणून. घरी गेल्यावर कपाळाला बाम चोळायचे, आणि बामाने दुसऱ्या दिवशी नाक बंद.”

धाकटा काचेला टेकला. “तुम्हाला माहीत होतं?”

“त्या पैलवानाने मोजे तुझ्या डब्याशेजारी वाळत घातलेले, आणि तू शांतपणे जेवत होतास. त्याच दिवशी कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय तुझं नाक उगवणार होतं? घरात पोर आलेलं.” त्यांनी पिशवीचे बंद ओढले. “मला वाटलं, तू टेबलावर जाशील, मी नळीवर बसेन. निभेल.” मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “तीनच लिहायचास ना, माझं नाक बंद असलं की?”

“हो.”

“चार तरी लिहायचं होतंस एखादा. बिचारी वस्ती.”

त्या गेल्या. समोरचं खोकं रिकामं झालं. त्यात आता ते यंत्र आणून ठेवलं. त्याला भुवया नव्हत्या.

यंत्र गुणी निघालं. धाकट्याकडून ते सगळं शिकलं. पिशवी लावली की जरा गुणगुणायचं आणि तीन दाखवायचं. कधी दोन. मग नळी धाकट्याकडे यायची, धाकटा यंत्राचा आकडा बघून तोच लिहायचा, आणि दोघांचं जुळलं म्हणून इस्त्रीवाला हिरवी खूण करायचा. चारवर काही जाईना, तेव्हा झाकणं चढेनात, चुना ओतला जाईना. चुन्याची पोती दगड झाली. मॅडमना वरून शाबासकीचं पत्र आलं. केंद्राच्या फाटकावर एक चमकता फलक लागला, वस्तीला दिसेल असा: आजचा वास, तीन.

वस्तीतली माणसं फलकाखालून नाकाला रुमाल लावून जायची. तक्रार घेऊन आलेल्याला मॅडम आलेख दाखवायच्या. तो आलेख बघायचा, फलक बघायचा आणि आपल्याच नाकाबद्दल काहीतरी पुटपुटत परत जायचा. काही जणांनी डॉक्टरला नाक दाखवून घेतलं असं धाकट्याच्या कानावर आलं. तो स्वतः मात्र गेला नाही. प्रमाण नाकाने डॉक्टरकडे जाऊन कसं चालेल?

एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा खिडक्या बंद होत्या आणि फटींमध्ये ओल्या कपड्याच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. बायको बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. बाळ रडून रडून आता नुसतं हुंदके देत होतं.

“उघड ना जरा,” तो म्हणाला. “उकडतंय.”

“तुला उकडतंय,” बायको म्हणाली. “आज किती दाखवलं?”

“तीन.”

त्याने बाळाला घेतलं, पलंगावर बसला आणि टाळूला नाक लावलं. मऊ होतं, गरम होतं, बाकी काही नव्हतं. सवयीने त्याने डोळे मिटले.

“कसा येतोय गं?” त्याने विचारलं. “तसाच? दुधाचा?”

बायको त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, वाकली आणि बाळाच्या टाळूचा वास घेतला. बराच वेळ घेतला. धाकट्याने डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा अगदी जवळ होता, आणि जुन्या सवयीने त्याचं लक्ष आधी भुवयांकडे गेलं.

दोन्ही उचललेल्या होत्या. हनुवटी मागे गेली होती.

“पाच,” ती म्हणाली.